निरामिष आमिष

माझ्या सामानातली ती दीड हात लांबीची नळी व्याह्यांनी पहिल्याच दिवशी हेरली होती. विचारलं मात्र तिसऱ्या दिवशी, नाव पंचगंगा घाटावरून सुटून धारेला लागल्यावर.

"उतारवयात बासरी शिकताय की काय?"

"गरी आहे," मी म्हणालो. "चार तुकड्यांची. जोडली की नऊ फूट होते."

व्याही क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे भई, म्हणजे काशीत येऊन मासे मारणार तुम्ही?"

"काशीला मी नातवाच्या बारशाला आलो. गरीचं एक कडं तुटलं होतं, ते मुंबईत दुरुस्तीला दिलं होतं. गरी ताब्यात घेतली आणि तसाच गाडीत बसलो. इथे दोरीसुद्धा ओली करणार नाही, शब्द देतो."

आमचे व्याही दुर्गाघाटावरचे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा ही मराठी माणसांची जुनी वस्ती. पेशवाईत आलेली घराणी अजून तिथल्या गल्ल्यांत आहेत. व्याह्यांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. घरात कांदासुद्धा बेतानेच येतो. मी वेंगुर्ल्याचा सारस्वत, बँकेत चौतीस वर्षं काढून गावी परतलेला. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या ताटाबद्दल बोलायचं नाही असं न बोलताच ठरवलं होतं. ते चार वर्षं पाळलं गेलं. त्या दिवशी मोडलं.

त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. पावसाळ्यात गंगा पलीकडची सगळी रेती पोटात घेते आणि कार्तिकात ती पुन्हा उघडी पडते. अलीकडे दोन कोसांची घाटांची दगडी रांग, पलीकडे नुसती वाळू. २०२१ मध्ये याच वाळूतून एक कालवा खणला होता, तो त्याच पावसाळ्यात बुजला. सध्या तिथे घोडे, उंट आणि फोटो काढणारी मंडळी असतात. आम्ही त्यांच्यापासून लांब उतरलो. वाळूवर पाय पडताच माझे हात शिवशिवले, हे खोटं कशाला बोलू?

"दाखवा तर खरं तुमचं शस्त्र," व्याही म्हणाले.

मी तुकडे जोडले, रीळ बसवलं. त्यांनी दोरी चिमटीत धरून पाहिली. "ही? ही तर गोधडी शिवायच्या दोऱ्यापेक्षा बारीक आहे."

"जेमतेम ०.१६ मिलिमीटर. पण विणलेली आहे. आठ-नऊ किलो तोलते."

"आणि लहानपणी?"

लहानपणी तंगूस होता. शिशाचा तुकडा, गळ, कोळंबीचं आमिष, आणि गुंडाळायला लाकडाचा ठोकळा. सागरेश्वरच्या पुळणीवर चड्डी भिजेपर्यंत पाण्यात शिरायचं आणि हाताने दोरी भिरकवायची. गरवायला जातो म्हटलं की आई रागवायची, आणि मुडदुश्या घेऊन आलं की तीच तवा ठेवायची. मग नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि समुद्र दिवाळीच्या सुट्टीत बघायची गोष्ट झाली.

निवृत्तीनंतर परत सुरू केलं तेव्हा आधी चूक केली, ती सांगायला हवी. व्हिडिओ बघून चौदा फुटी काठी आणली, सव्वाशे ग्रॅमची शिशं आणली. दोन्ही हातांनी फेकलं की शिसं शंभर पावलं लांब जाऊन पडे. मला वाटे, जितकं लांब तितका मोठा मासा. एक महिना खांदा धरून घरी बसलो. फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आलो आणि पुन्हा पुळणीवर गेलो, तेव्हा माझ्यापासून वीस हातांवर एक पोरगा पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस घेऊन उभा होता. त्याच्या पिशवीत नऊ मुडदुश्या, एक करकरा. माझं आमिष माशांच्या डोक्यावरून पलीकडे जात होतं. मासे माझ्या पायाशी होते.

"पायाशी कसे?" व्याह्यांनी विचारलं. शिकवणाऱ्या माणसाला शिकायचीही सवय असते.

मी बोटाने रेतीत काढून दाखवलं. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय वाळूला अडखळतो आणि ती फुटते. फुटताना खालची वाळू खरवडते, त्यामुळे किनाऱ्याला समांतर एक घळ तयार होते, मांडीएवढी, कधी कमरेएवढी. उलथलेल्या वाळूतून किडे, बारके खुबे, कोळंबीची पिल्लं बाहेर पडतात. मुडदुशी तिथेच चरते. आत आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एका अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्रात ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही, म्हणून तो शांत दिसतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे नेमके तिथेच पोहायला उतरतात आणि तिथेच बुडतात. मोठा मासा, रावस किंवा जिताडा, त्या पट्ट्याच्या कडेला तोंड करून उभा असतो. खाणं आपोआप वाहत येतं. हे एकदा कळलं की पंधरा ग्रॅमचं शिसं पुरतं, आणि काठी एका हातात मावते. भरतीची वेळ मात्र साधावी लागते.

"ती कशी कळते?"

"तुमच्याच पंचांगाने. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा मुंबईचा हिशेब, आमच्याकडे त्याहून थोडी अलीकडे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. अष्टमीनंतर दोन-तीन दिवस भांग, पाणी हलतच नाही म्हणा ना. म्हणजे एकादशीला गरवायला जाण्यात तसाही अर्थ नसतो. उपासाची सोय दर्यानेच करून ठेवली आहे."

व्याही हसले, पण विषय सोडणारे ते नव्हेत.

"हलकं सामान, हलकं सामान म्हणताय मघापासून. हलकं कुणाला? तुमच्या खांद्याला. माशाला काय?"

"माशाला संधी मिळते. जाड दोरीने खेचून आणण्यात काय आहे? बारीक दोरीला चुकलात की तो तोडून जातो."

"आणि नाही चुकलात तर? जाड दोरीने जे एका मिनिटात संपलं असतं, ते पाच मिनिटं चालतं. तुमची कला जेवढी वाढते तेवढं त्याचं झुंजणं लांबतं. बरोबर?"

बरोबर होतं. मी दुसरीकडून गेलो. "पण मी सगळे ठेवत नाही. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकतो, म्हणजे ओठातून सहज निघतो. हात ओला करून धरतो. घरापुरते दोन-तीन ठेवतो, बाकीचे परत सोडतो. जिताडा तर सोडावाच. तो लहान असताना नर असतो, वाढला की मादी होतो. मोठा जिताडा म्हणजे मादीच, अंड्यांची पेढी."

मला वाटलं होतं, शाकाहारी माणसाला हे ऐकून बरं वाटेल. झालं उलटंच.

"म्हणजे खायचा नसताना धरता?"

"सोडतो ना पण!"

"ते नंतरचं. आधी धरता. खाण्यासाठी धरलात तर मला समजतं. मी खात नाही, तरी समजतं. हा नावाडी आहे, याचा भाऊ जाळं टाकतो. त्याला मी कधी एक शब्द बोललो नाही. पोट आहे त्याचं. पण पोट भरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ओठात लोखंड घालायचं, तो तडफडतो त्यात आपली संध्याकाळ छान घालवायची, आणि वर त्याला जीवदान दिलं म्हणून पुण्याच्या खात्यात जमा मांडायचं! व्याही, हे मला त्या जाळ्यापेक्षा वाईट वाटतं. रागवू नका."

रागवलो नाही, पण टोचलं. जाळ्याची बाजू घेणारा दुर्गाघाटचा संस्कृत पंडित माझ्या हिशेबात नव्हता.

"जाळ्याचं एवढं कौतुक नको," मी म्हणालो. "गंगेतला डॉल्फिन, तुमची ती सोंस, २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर जाहीर झाली. ती मरते कशात? जाळ्यात अडकून. जाळ्याला निवड नसते. माझ्या गळाला एका वेळी एक मासा, तोही त्याने स्वतः तोंड घातलं तर."

"सोंस जाळ्यात मरते, मान्य. पण इथला मासा गेला तो मल्लाहांमुळे नाही. आमच्या लहानपणी बंगाली टोल्यातले लोक पावसाळ्यात हिलसाची वाट बघत असत. समुद्रातून अंडी घालायला वर यायचा तो, प्रयागपर्यंत. १९७५ मध्ये फरक्क्याचा बांध सुरू झाला आणि येईनासा झाला. कुणी पकडला नाही, कुणी खाल्ला नाही. वाट बंद, संपलं. त्यामुळे गळ चांगला की जाळं, हा वाद नदीला वरवरचाच वाटत असेल. पण मी नदीचं बोलतच नाहीये. मी तुमचं बोलतोय."

इथे मी आमच्या ज्ञातीचं हुकमी पान टाकलं. बारा वर्षं दुष्काळ पडला, ऋषी अन्नासाठी दाही दिशांना पांगले, वेद विसरले. एकटा सारस्वत मुनी नदीकाठी राहिला, कारण सरस्वतीमातेने त्याला रोज मासे खाऊ घातले. दुष्काळ सरला तेव्हा साठ हजार ऋषी त्याच्याकडे पुन्हा वेद शिकायला आले. "म्हणजे तुमचे वेद माशांवर जगले," मी म्हणालो. "आणि आमचा काशी मठ तुमच्या शेजारी ब्रह्माघाटावरच आहे."

"शल्यपर्व," व्याही लगेच म्हणाले. "गोष्ट खरी आहे. पण नीट ऐका. त्याने खाल्ले, आणि भूक होती म्हणून खाल्ले. पकडून सोडल्याचं कुठे आहे त्यात?"

"मनूने सोडला! शतपथ ब्राह्मणातच आहे. लहानसा मासा मनूने वाढवला, मोठा झाल्यावर समुद्रात सोडला आणि त्याच माशाने प्रलयात त्याची नाव ओढली."

"मनू हात धूत होता, मासा आपण होऊन ओंजळीत आला. मनूच्या हातात गरी नव्हती." आणि मग स्वतःच खूश होऊन म्हणाले, "तुम्हाला हवा तो आधार मी देतो. सोमेश्वर तिसरा, कल्याणीचा चालुक्य. मानसोल्लास, सुमारे ११२९ चा. त्यात राजाच्या करमणुकींची प्रकरणं आहेत, त्यांना नावच विनोद. त्यांतला एक मत्स्यविनोद. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीचा, कुणाला खवलं आहेत, कुणाला नाहीत, कुणाला कोणतं आमिष, दोर कसा, सगळं लिहिलंय. नऊशे वर्षांपूर्वीचे तुमचे गुरुजी."

मला हे माहीत नव्हतं आणि मी ते लपवलंही नाही. मानसोल्लास म्हटलं की आम्हाला त्यातल्या जुन्या मराठी गाण्याच्या ओळी तेवढ्या शाळेत सांगितलेल्या. त्याच पोथीत गरवण्याचा धडा असेल असं कुणी बोललं नाही.

"पण पाहा," ते पुढे म्हणाले, "राजाने त्याला विनोद म्हटलं. करमणूक. दया म्हटलं नाही, निसर्गरक्षण म्हटलं नाही. तुम्ही लोक नाव बदलता, एवढीच माझी तक्रार."

मी खिशातून डबी काढली. त्यात बोटाएवढी रबरी कोळंबी होती, खोटी. "हे बघा. आता खरं आमिषही नेत नाही मी पुष्कळदा."

त्यांनी ती तळहातावर घेतली, दाबून पाहिली. "आमिष म्हणजे मांस. म्हणून मांस न खाणारा तो निरामिष. म्हणजे हे झालं निरामिष आमिष!" मोठ्याने हसले ते. नावाडी दुरून बघायला लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. "ह्यात तर त्याला घासही नाही हो. निदान कोळंबी तरी मिळत होती बिचाऱ्याला."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. समोर घाटावर एक बाई पिठाच्या गोळ्या पाण्यात टाकत होती. एवढ्या लांबून गोळ्या दिसल्या नाहीत, पण हाताची ती हालचाल काशीत सगळीकडे दिसते. चिठ्ठीवर रामनाम लिहायचं, ती कणकेच्या गोळीत घालायची आणि माशांना द्यायची. व्याहीही श्रावणात देतात. मी म्हणालो, रोहू धरायला पवईच्या तळ्यावर गळाला कणकेचीच गोळी लावतात. गोळी तीच. आत चिठ्ठी की काटा, तेवढा फरक.

"मोठा फरक आहे तो," ते म्हणाले. पण जरा थांबून म्हणाले.

"आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंड आहे. काळ नदीतला डोह. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथे कुणी धरत नाही, लोक खायला घालतात. मासे हातभर वाढलेत. बाकीच्या नदीत ते मिळणं मुश्कील. तेव्हा तुमचं पुण्य माशांच्या उपयोगी पडतं, हे मीही मानतो. पण माशाला ओळखतो कोण, विचारा. घाटावरून गोळी टाकणाऱ्याला खाली कोणता मासा आहे ते ठाऊक नसतं. मला वारा कुठून आहे, पाणी गढूळ का आहे, मुडदुशी यंदा उशिरा का आली, हे बघावं लागतं. गरवायला जायला लागल्यापासून मला पुळण दिसायला लागली. आमच्या वायंगणीला कासवं अंडी घालायला येतात. तिथल्या वाळूत पडलेला तुटका तंगूस मी खिशात भरून आणतो. आधी कधी उचलला होता? पायाखालून गेला असेल हजार वेळा."

"हे पटलं," व्याही म्हणाले. "ते मासा न धरता करता येईल का?"

"मासा लागणार नसेल तर पहाटे पाचला उठून गुडघाभर पाण्यात तीन तास उभा कोण राहील?"

"उत्तर खरं दिलंत. चांगलं दिलं नाहीत, पण खरं दिलंत."

मग त्यांनी तो प्रयोग सांगितला. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, प्राणिशास्त्रातला. त्याने त्यांना २००३ चा एक शोधनिबंध वाचून दाखवला होता. लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधक बाईंनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचलं. मासे खाईनासे झाले, डोलत राहिले, काही जण ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. वेदनाशामक दिल्यावर ते कमी झालं. त्यावर अजून वाद आहेत, हे व्याह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मला त्यावर बोलता आलं नाही. मला करकरा आठवला. पाण्याबाहेर काढला की दात घासून करकर आवाज करतो, म्हणून त्याचं नाव करकरा. तो आवाज माझ्या कानाला इतकी वर्षं आनंदाचा वाटत आला आहे.

स्वित्झर्लंडच्या नियमांत परत सोडण्याच्या इराद्याने गळ टाकायला मनाई आहे, हेही मला वाचून माहीत होतं. मी ते त्या वेळी सांगितलं नाही. समोरच्याच्या हातात आपण होऊन दगड कोण देतो?

ऊन उतरायला लागलं. नावाड्याने येऊन गरीची किंमत विचारली, ऐकली आणि "इतने में तो पुराना इंजन आ जाए" म्हणाला. मी गळ काढून दोरीला नुसतं शिसं बांधलं आणि कोरड्या रेतीवर फेकून दाखवलं. चाळीस पावलं गेलं. मग, का कोण जाणे, व्याह्यांनी हात पुढे केला.

"बोट दोरीखाली धरा. मागे न्या, आणि काठी डोक्यावरून पुढे आली की सोडा. जोर लावू नका. काठी वाकते ती आपलं काम करते."

पहिल्यांदा शिसं त्यांच्याच मागे पडलं. दुसऱ्यांदा दोरीची गुंतवळ झाली. ती सोडवायला दहा मिनिटं गेली, आणि ती त्यांनीच सोडवली, जानव्याची गाठ सोडवावी तशी सबुरीने. तिसऱ्यांदा शिसं सरळ गेलं, पंचवीस पावलं. त्यांनी ते पडलं त्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पुन्हा एकदा," म्हणाले.

आणखी आठ वेळा फेकलं त्यांनी. परतताना नावेत म्हणाले, "कोरड्या वाळूवर हे मला चालेल. पाण्यात नाही." आणि सूनबाईला यातलं काही सांगू नका, अशी मला गळ घातली.

कार्तिक अमावास्येला मी वेंगुर्ल्यात होतो. भरती अकराच्या आत भरणार होती. लाटेमागच्या घळीत पहिल्या तासात तीन मुडदुश्या लागल्या. एक वीतभरही नव्हती, ती सोडली. २०२३ पासून महाराष्ट्रात मासे किती लहान असताना धरू नयेत याचे सरकारी नियम आहेत, आणि ते नसते तरी सोडलीच असती. दोन ठेवल्या. घरी आम्ही दोघंच असतो. पाणी अजून चढत होतं, वारा पडला होता, आणि शांत पट्ट्याच्या कडेला काहीतरी मोठं उसळत होतं. मी दोरी गुंडाळली.

तेव्हापासून तसंच चाललं आहे. घरापुरते मिळाले की थांबतो. सोडण्यासाठी म्हणून धरत नाही. रबरी कोळंबीची डबी फडताळात आहे. व्याह्यांना अजून कळवलेलं नाही.